सिंधूचा जबाब

माझी सगळी नोकरी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत मराठी शिकवण्यात झाली. नेमलेलं नाटक गाइडवर भागवून पेपर लिहिणारी मुलं दर वर्षी भेटत. शेवटी मी त्यांना एक जाड वही आणायला सांगू लागले. नाटकातलं एखादं पात्र निवडायचं आणि त्याच्या तोंडून, नाटकात नसलेलं पान लिहायचं. त्या वह्यांनी मला जे शिकवलं ते असं.

१. पहिला नियम कडक हवा. नाटकात घडलेलं बदलायचं नाही. न दाखवलेलं तेवढं लिहायचं. मोकळं सोडलं की मुलं सगळ्यांना वाचवत सुटतात. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर व्यसनमुक्ती केंद्रात जातो, तळीरामाला अटक होते, सिंधू बाळाला घेऊन माहेरी पोचते. वाचायला बरं वाटतं, पण हे लिहायला नाटक उघडावंही लागत नाही.

नियम घातल्यावर एका मुलीनं शेवट घेतला. मरणाच्या दारातली सिंधू नवऱ्याला वाचवणारा जबाब देते. पोरीनं तो जबाब टिपून घेणाऱ्या हवालदाराचं पान लिहिलं. त्याला कोपऱ्यातली काठी दिसते. "बाई, पडलात म्हणता. कशावर पडलात?" हे तो दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा उत्तर येत नाही, तेव्हा तो 'पडल्याने' एवढंच लिहितो आणि खाली रेघ ओढतो. गडकऱ्यांचा एकही अलंकार त्यात नव्हता. पण त्या वेळी खोलीत कोण कोण आहे, कोण काय बोलून गेलंय, हे पाहायला तिला तो अंक पुन्हा पुन्हा वाचावा लागला. मला हवं होतं ते एवढंच.

२. मुलांनी बाईचं पान लिहायचं. आधी फिदीफिदी हसतात. मग मी त्यांना सांगते, १९१९ साली रंगमंचावर आलेली पहिली सिंधू म्हणजे नारायणराव राजहंस, आपले बालगंधर्व. लहानपणी ते जळगावात मेहबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकले. त्यांच्या नावाच्या खुल्या नाट्यगृहात ही पोरं गॅदरिंग बघतात, नाव कुणाचं ते माहीत नसतं. हसू तिथंच थांबतं.

३. लिहिण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावं. सिंधू दुसऱ्यांची दळणं दळते, पण आजच्या मुलांनी जातं पाहिलं ते हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं. एकीनं आजीला विचारलं. कळण्याच्या पिठासाठी आजीनं उभं आयुष्य जातं ओढलेलं. ती म्हणाली, उपाशी बाईचं पीठ भरड येतं, दळण देणारीला पिठाला हात लावताच कळतं. पोरीच्या वहीत मग सिंधूची शेजारीण आली. ती पीठ चिमटीत घेऊन चोळते, काही बोलत नाही, जाताना भाकरी ठेवून जाते. आणि सिंधू ती परत करते, कारण कुणाची मदत न घेण्याच्या नवऱ्याच्या अटीला ती बांधलेली आहे. अट नाटकातली, चिमटी आजीची.

४. बोलीला अडवू नये. देवलांची 'संगीत शारदा' १८९९ची. कांचनभट पैशांसाठी पोर म्हाताऱ्याला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मधली दलाली करतो. पोरांना हे जुनं वाटेल असा माझा अंदाज होता. वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक शेतकऱ्याचा मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, हा माणूस आमच्या गावात येतो." खरंच येतो. कापूस पिकवणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून खान्देशात एजंटाला पैसे मोजून लग्नं ठरतात आणि काही नवऱ्या आठवड्यात दागिने घेऊन पसार होतात. आपल्या वर्तमानपत्रांत त्या बातम्या असतातच. त्या मुलानं भद्रेश्वराचा फोनवरचा संवाद लिहिला. "भाऊ, पोर चांगली शे, पन पैसा आगोदर लागतीन." इथे वर्ग हसला. पुढे मुलीला काय वाटतं हे विचारायला भद्रेश्वराकडे वेळ नसतो, आणि शेवटपर्यंत मुलगी फोनवर येतच नाही. देवलांनी तिला निदान गाणी तरी दिली होती.

अमळनेर-धुळ्याकडची मुलं अहिराणीत लिहितात, रावेर-यावलची लेवा गणबोलीत. दोन्ही चालवून घ्यावं, शुद्धलेखनाच्या लाल रेघा नंतर.

जाता जाता एक. बालविवाहाविरुद्धचा १९२९चा शारदा कायदा या नाटकावरून निघाला, असं दर वर्षी कुणीतरी लिहितं. तो हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला जातो.

५. सिनेमा पाहून लिहिलेलं पान ओळखायला सोपं असतं. 'नटसम्राट'वरच्या वहीत रामभाऊ आला की समजावं, पुस्तक उघडलेलं नाही. तो २०१६च्या चित्रपटातला, शिरवाडकरांच्या १९७०च्या नाटकात तो नाही. 

६. रंगमंचावर न येणारं पात्र सगळ्यात जास्त शिकवतं. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये प्राध्यापक दामले येतच नाहीत, आणि सगळं त्यांच्याभोवती फिरतं. एका मुलानं दामल्यांचं, नाटकात आरोपी ठरवलेल्या बेणारेबाईंना पत्र लिहिलं. लेक्चर होतं, गाडी चुकली, तब्येत बरी नव्हती. चार पानं नुसत्या सबबी. बेणारेबाईंचं नाव मायन्यात, पुढे कुठेच नाही. वर्गातल्या मुलींनी एकमतानं निकाल दिला, दामले हाच.

७. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तलं गावही धरणगाव. पण ते विदर्भातलं. बालकवींचं धरणगाव आपलं. तरी आमच्या मुलांना तो वाडा शिकवावा लागला नाही. अंगणात नुसता उभा असलेला ट्रॅक्टर, शिक्षण तुटलेली प्रभा, मुंबईहून येणारा सुधीर. इकडे तो सुरतेहून नाहीतर पुण्याहून येतो, एवढाच फरक. पुढे काय झालं, हे एलकुंचवारांनी स्वतःच 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'मध्ये लिहिलंय. मुलांनी आपलं पान आधी लिहावं, ती दोन नाटकं नंतर वाचावीत.

८. हा अभिजात नाटकांचा अपमान आहे, असं म्हणणारे सहकारी भेटतात. आगरकरांनी १८८३त हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव'. 'नटसम्राट'च्या मागे किंग लिअर उभा आहे. वाद घालत बसण्यापेक्षा ही यादी फळ्यावर लिहून वर्ग सुरू करावा.

९. वही कपाटात राहिली तर मेली. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. आम्हीही पानं भिंतीवर लावली. दुसऱ्या वर्गातली पोरं डबा खाताना वाचत उभी राहिली की लिहिणारा पुढचं पान नीट लिहितो. गुण देऊ नयेत. दिले की लगेच सगळ्यांची सिंधू एकाच शिकवणीतून आल्यासारखी बोलू लागते.

१०. भिंतीवरून रंगमंचावर जायचं असेल, तर हक्कांचं बघा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. शिरवाडकर १९९९ला गेले, म्हणजे 'नटसम्राट'ला २०५९च्या अखेरीपर्यंत परवानगी लागेल. तेंडुलकरांना त्याहून पुढे. देवल आणि गडकरी मात्र केव्हाच सगळ्यांचे झाले आहेत. नवीन शिक्षकांनी 'शारदा'पासून सुरुवात करावी, आणि पहिलं पान भद्रेश्वर दीक्षिताचं मागावं.