निवेदकाचा पेशा आणि कादंबरीतील श्रोता : व्यंकटेश माडगूळकर

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्या कादंबऱ्यांची चर्चा करताना त्यांच्या आकाशवाणीतील सेवेची नोंद बहुधा चरित्राचा तपशील म्हणून होते. त्यांच्या बोलीतील संवादांचे श्रेय या सेवेला देण्याचा मोहही होतो. कालक्रम मात्र त्यास अनुकूल नाही. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील ग्रामीण कार्यक्रमांशी त्यांचा संबंध आला तो १९५५ मध्ये, आणि ‘बनगरवाडी’ ग्रंथरूपात आली तीही त्याच वर्षी. त्यांची भाषा नभोवाणीने घडविली नाही. घडलेल्या भाषेनिशीच ते नभोवाणीवर गेले.

मग या दोन कार्यांचा संबंध कोणता? ग्रामीण कार्यक्रमाचा निवेदक हा शासन आणि गाव यांमधील दुवा असतो. सुधारणेचा संदेश गावाच्या बोलीत पोहोचविणे हे त्याचे काम. ‘बनगरवाडी’तील तरुण मास्तरही असाच दुवा आहे. तो धनगरांच्या वस्तीवर शिकविण्यासाठी येतो. परंतु त्याला प्रथम ऐकावे लागते. गावकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत, त्यांच्या व्यवहारात गुंतत तो त्यांचा होतो. त्याच्या पुढाकाराने तालीमही उभी राहते. पुढे दुष्काळ येतो, वस्ती उठते आणि सुधारणेचा तो सारा खटाटोप रिकाम्या घरांपुढे निरुत्तर होतो. लोकशिक्षणाची मर्यादा कादंबरीत अशी नोंदविणाऱ्या लेखकाने पुढे लोकशिक्षणाचेच काम दीर्घकाळ केले, ही बाब लक्षणीय आहे.

गांधीहत्येनंतरच्या १९४८ मधील जाळपोळीवर आधारलेल्या ‘वावटळ’मध्ये (१९६४) गाव आणि निवेदक यांमधील हा विश्वासच तुटतो. ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) तर माणूसच केंद्रस्थानी नाही. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष तेथे निरीक्षणातून उभा राहतो. बोलक्या शब्दावर ज्याचा पेशा आधारलेला, त्याची कादंबरी संवादाकडून निरीक्षणाकडे गेली. याच कृतीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

नभोवाणीवर माडगूळकरांना बोलणे भाग होते; कादंबरीत त्यांनी ऐकण्याचा आणि पाहण्याचा अधिकार राखून ठेवला. त्यामुळे ‘ग्रामीण’ या एकाच शिक्क्याखाली त्यांच्या दोन्ही कार्यांची बोळवण करणे योग्य ठरत नाही. त्यांचे नभोवाणी-लेखन आणि कादंबरी-लेखन शेजारी ठेवून, प्रत्येकात कोण बोलतो व कोण ऐकतो याचा शोध घेणे, ही अभ्यासाची अधिक फलदायी दिशा होय.