डबा घेण्याआधी गाडी बघा

सोसायटीच्या कचऱ्यासाठी चाकांचे मोठे डबे घ्यायचं तुमच्याकडे घाटत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. वर्ध्यातल्या आमच्या सोसायटीने असे चार डबे घेतले, दोन हिरवे आणि दोन निळे, प्रत्येकी 240 लिटरचे. ओल्या कचऱ्यासाठी घेतलेले दोन्ही डबे आज बिनकामाचे पडून आहेत, आणि बोलणी खावी लागतात मला, कारण सचिव मी. 'हे भरल्यावर रिकामे कोण आणि कसे करणार?' असं बैठकीत मीच विचारलं होतं. प्रश्न इतिवृत्तात आहे. उत्तर कुणी दिलंच नाही, मग ते इतिवृत्तात येणार कुठून?

पुरवठादार बोलण्यात पटाईत. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे असे डबे सोसायट्यांना सक्तीचे आहेत, असं त्याने बेधडक सांगितलं. मी नियम काढून वाचले. कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करा, योग्य डब्यांत ठेवा आणि गोळा करणाऱ्याच्या हवाली करा, असं त्यात कचरा करणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. चाकांचं नावही नव्हतं. हे मी मांडलं, तर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रत्येक कामात खोडा घालता." 2 ऑक्टोबरला डब्यांना हार घालून फोटो काढले आणि गांधीजिल्ह्यात आपण आदर्श घालून दिला, असं भाषण झालं.

ओल्या कचऱ्याचा डबा पहिल्यांदा गळ्यापर्यंत भरला त्या सकाळी सगळं उघड झालं. भाजीची देठं, शिळा भात, चहाचा चोथा, सीताफळाच्या साली. घंटागाडीवरच्या ताईने डबा गाडीपर्यंत लोटत नेला, तोवर ठीक चाललं होतं. मग तिने डब्याकडे पाहिलं आणि गाडीच्या काठाकडे पाहिलं. काठ तिच्या खांद्याला लागत होता. ड्रायव्हर खाली उतरला. दोघांनी दोन बाजूंनी धरून जोर लावला. डबा गुडघ्यापर्यंत वर आला आणि धाडकन खाली आपटला. तळाचं काळं पाणी तिच्या साडीवर उडालं. "आमच्यानं नाही होत जी हे," ती म्हणाली. "पहिलेच्या बादल्याच बऱ्या होत्या." अध्यक्ष गॅलरीत उभे राहून पाहत होते. खाली आले नाहीत.

युरोपात या डब्यांसाठी जे मानक आहे, त्यात 240 लिटरच्या डब्याचा भार 96 किलो धरला आहे. आपला ओला कचरा पाणी धरणारा, त्यामुळे भरलेला डबा शंभर किलोच्या आसपास सहज जातो. म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या एकदम उचलायच्या, त्याही खांद्याच्या वर. मुळात हे डबे माणसाने उचलण्यासाठी बनवलेलेच नाहीत. डब्याच्या तोंडाची कड गाडीमागच्या यंत्राच्या दात्यांवर अडकते आणि यंत्र तो उचलून उलटा करतं. ज्या गावांत अशा गाड्या आहेत, तिथे हे डबे उत्तम चालतात. आमच्याकडे येते ती छोटी घंटागाडी. तिला असं यंत्र नाही, आणि हे पुरवठादाराला विकताना दिसत होतं.

त्याला फोन केला. "डबा आमचा, गाडीचं आम्ही कसं सांगणार? नगर परिषदेला लिफ्टरची गाडी घ्यायला सांगा. चाकं फिरतात ना?" इतकं बोलून त्याने फोन ठेवला. पुढे मे महिन्यात झाकणांच्या बिजागरीला तडे गेले. तेव्हा म्हणाला, "ऊन वॉरंटीत येत नाही." पारा 45 च्या वर जातो अशा जिल्ह्यात माल विकणाऱ्या माणसाचं हे उत्तर! त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. आणि अध्यक्ष आता सांगतात, सचिवांनी पाठपुरावा केला नाही.

म्हणून सांगते. डबा बघायला जाण्याआधी तुमच्याकडे येणारी गाडी बघा, तिच्या काठाची उंची टेपने मोजा. उचलायचं यंत्र नसेल, तर ओल्या कचऱ्यासाठी मोठा डबा घेऊच नका. घरटी झाकणाची दहा-बारा लिटरची बादली पुरते, ती कुणालाही उचलता येते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बाया ढकलगाडी आणि बादल्या घेऊन दारोदार फिरतात; बादलीत एका माणसाला झेपेल एवढंच वजन येतं.

चाकांचा डबा सुक्या कचऱ्यासाठी मात्र कामाचा. पुठ्ठे, बाटल्या, मार्चमध्ये कूलरमधून निघणारं जुनं गवत, हे सगळं जागा खातं, वजन फारसं नसतं. तो घेताना चाकं भरीव रबराची आणि आस लोखंडी आहे का, ते बघा. गेटचा उंबरठा आणि चेंबरचं झाकण यांवरून तो भरून ओढून पाहा, दुकानाच्या फरशीवर सगळेच डबे पळतात. प्लास्टिक उन्हाला टिकणारं आहे, हे बिलावर लिहून घ्या आणि डबा सावलीत ठेवा. धुण्यासाठी तळाला बूच असलेला मिळाला तर तोच घ्या. बिलातली थोडी रक्कम एक उन्हाळा उलटेपर्यंत हातात ठेवा. बाकी नेहमीचंच: बोलणं लेखी ठेवा, तीन दरपत्रकं मागवा, कचरा घरातच वेगळा करा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या.

भाषणात गांधीजींचं नाव आलं म्हणून एक आठवण करून देते. 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना गांधीजी आणि त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात स्वतः मैला उचलायला जात. त्या जिल्ह्यात कचऱ्याचे डबे ठरवताना ते उचलणाऱ्या बाईला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही, याचा मला अजून राग आहे.

तुमच्या समितीने पुढची बैठक घ्यावी ती घंटागाडीच्या वेळेला, गेटवर. गाडीवरच्या लोकांना विचारा, रिकामा डबा त्यांच्या हाती देऊन बघा, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय धनादेशावर सही करू नका.