कसम परेडला कॅम्पात मुक्काम: खोली हजाराची, बिल कितीचं?

कसम परेडच्या आदल्या दिवशी बेळगावच्या कॅम्पात लॉजच्या काउंटरवर कोण कशाला आलंय हे सांगावं लागत नाही. इस्त्रीची टोपी घातलेले वडील, लाडवांचा डबा मांडीवर धरून बसलेली आई, मोबाइल चार्जिंगला कुठं लावू म्हणून विचारणारी बहीण. मराठा लाईट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र इथलं. त्यामुळे प्रशिक्षण संपवून शपथ घेणाऱ्या पोराची परेड बघायला महाराष्ट्रातल्या गावागावांतून माणसं येतात आणि एक रात्र राहतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “सगळ्यात स्वस्त खोली कितीला?” त्याला उत्तर लगेच मिळतं, पण निघताना हातात पडणारं बिल वेगळंच असतं. तेव्हा गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंतचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

आधी वेळ विचारा, मग भाडं

लॉजवर दिवस मोजायच्या दोन रीती असतात. एकीत तुम्ही आलात त्या वेळेपासून चोवीस तास धरतात. दुसरीत दुपारी बाराला दिवस संपतो. रात्रीच्या गाडीनं पहाटे पाचला उतरलात आणि लॉज बारा वाजताच्या हिशेबाचं निघालं, तर सात तासांत पहिला दिवस संपतो आणि दुसऱ्या दिवसाचं भाडं सुरू होतं. चोवीस तासांच्या लॉजवर तेच भाडं दुसऱ्या पहाटेपर्यंत चालतं. अशा ठिकाणी रजिस्टरात आल्याची वेळ तुमच्यासमोर लिहून घ्या. पावतीवरही ती असू द्या.

दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. ‘गरम पाणी ६ ते ९’ अशी पाटी असते. परेडच्या दिवशी सहाला तुम्ही बाहेर पडायच्या तयारीत असणार. पाच वाजता बादलीभर पाणी मिळेल का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का, हे रात्रीच विचारून ठेवा. ‘नाश्ता फ्री’ला भुलू नका. तो आठला सुरू होत असेल तर तुमच्या उपयोगाचा नाही. नाश्ता वगळून भाडं किती, ते विचारा.

एसीची खोली उन्हाळा सोडला तर बेळगावात सहसा लागत नाही. गाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच गार असते. एसीचे पैसे वाचवून जादा रजई मागा.

बिलातल्या तीन ओळी

पहिली ओळ जीएसटीची. एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. बिलात अजून १२ टक्के लावलेले दिसले तर बोट ठेवून विचारा. अडीच-अडीच टक्के असे दोन भाग दिसले तर ते बरोबर आहे.

दुसरी ओळ जीएसटी क्रमांकाची. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि कर्नाटकातला २९ नं सुरू होतो. महाराष्ट्रातला २७ नं. नोंदणी नसलेल्या लहान लॉजला जीएसटी घेताच येत नाही. क्रमांक नाही आणि कर मात्र लावलाय, असं असेल तर तो भरू नका.

तिसरी ओळ सेवाशुल्काची. हॉटेलला ते आपोआप बिलात जोडता येत नाही. २०२२ ची ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

दोन बिलं शेजारी ठेवून

समजा आई, वडील, आजी आणि बहीण असे चौघं दुपारी चारला पोचले. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्याला सांगितलेले आकडे त्या जागी घाला.

*लांबची स्वस्त खोली:* भाडं १,०००, जादा गादी २००, जीएसटी ६०. परेडला जाऊन यायला रिक्षा: एका रिक्षात तिघंच बसू शकतात, म्हणून दोन रिक्षा, एका खेपेचे १०० धरून ४००. दिवस बाराला संपतो, म्हणून दुपारपर्यंत खोली ठेवायला अर्ध्या दिवसाचे ५०० आणि त्यावर कर २५. एकूण २,१८५ रुपये.

*कॅम्पातली, चोवीस तासांची खोली:* भाडं १,५००, जादा गादी ३००, जीएसटी ९०. परेडला चालत. खोली दुसऱ्या दिवशी चारपर्यंत आपलीच. एकूण १,८९० रुपये.

पाटीवर पाचशेनं महाग असलेली खोली २९५ रुपयांनी स्वस्त पडली. मात्र ‘कॅम्पात’ एवढ्यावर विसंबू नका. केंद्राच्या कोणत्या गेटनं आत घेणार ते मुलाला फोनवर विचारा आणि त्या गेटपासूनचं अंतर बघा.

प्रवासात सीमा आडवी येते

महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे, पण तो राज्याच्या हद्दीपर्यंतच. कागल ओलांडून निपाणीच्या बाजूला आलात की पुढचं तिकीट पूर्ण. कर्नाटकाच्या बसमधला महिलांचा मोफत प्रवास त्या राज्यातल्या रहिवाशांपुरता आहे, तेव्हा तुमच्या आईला तो मिळणार नाही. कोल्हापूरहून स्वतःची गाडी आणली तर कोगनोळी आणि हत्तरगी असे दोन टोल जाताना, दोन येताना. मिरज, साताऱ्याकडून रेल्वे सोयीची. बेळगाव स्टेशन कॅम्पाला लागूनच आहे.

खोली मिळत नाही तेव्हा

डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा गावातल्या खोल्या भरून जातात आणि भाडी चढतात. लग्नसराईतही तसंच. तारीख कळली की त्याच दिवशी फोन करा. ॲपवरचा आकडा पुष्कळदा कर सोडून असतो, म्हणून थेट काउंटरलाही विचारा. कॅम्पात मराठी चालते. कुणी कन्नडच बोलत असेल तर “बाडिगे एष्टु?” म्हणजे भाडं किती, एवढं पुरतं. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. ते दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ काउंटरवर ठेवून येऊ नका.

आणि एक. खोली घेताना चौघं असता, पण परेडनंतर मुलाला लगेच सुट्टी मिळाली तर पाचवा माणूस ट्रंक घेऊन खोलीवर येतो. त्याला अंघोळ करायची असते, कपडे बदलायचे असतात, आजीच्या शेजारी घटकाभर पडायचं असतं. म्हणून खोली दुपारपर्यंत हातात ठेवा, आणि परतीची तिकिटं पाच काढा.