संगणक-जाळ्यातील स्विच : देखरेखीचे शास्त्र आणि शिस्त

शासकीय कार्यालय असो, रुग्णालय असो की बँक; तेथील दैनंदिन व्यवहार आज संगणकांच्या जाळ्यावर अवलंबून आहेत. नागरिकाला दिसतो तो खिडकीपलीकडचा संगणक आणि त्यातून निघणारा कागद. त्या संगणकामागे, बहुधा भिंतीवरील एखाद्या बंद कपाटात, केबलींच्या गुंत्यात एक चपटी पेटी अहोरात्र काम करीत असते. ही पेटी म्हणजे स्विच. तिचे काम सुरळीत चालले असेतोवर तिचे अस्तित्वही कोणाच्या ध्यानी येत नाही. ती अडखळली की मात्र खिडकीसमोरची रांग वाढू लागते आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर रांगेतल्या माणसाच्या वाट्याला येते. वास्तविक पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो; बिघाड वाटेतच असतो.

स्विच नेहमीच अकस्मात बंद पडतो असे नाही. पुष्कळ बिघाडांची लक्षणे तो आधी कित्येक दिवस दाखवीत असतो, त्यांची मोजणीही स्वतःच ठेवीत असतो. उणीव असते ती ही मोजणी नियमाने वाचणाऱ्याची. ती कशी वाचावी आणि न वाचल्यास काय ओढवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्विचचे कार्य

अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली इथरनेटची कल्पना मांडली. प्रारंभीच्या या पद्धतीत सर्व संगणक एकाच केबलवर जोडलेले असत. एकाने पाठविलेला मजकूर सर्वांच्या कानी पडे आणि दोघे एकदम बोलू लागले की दोघांचाही मजकूर वाया जाई. संगणकांची संख्या वाढू लागली तशी ही अडचण असह्य झाली. १९९० च्या सुमारास ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकन कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होत. पुढे १९९४ साली सिस्को या कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली.

स्विचची रीत टपाल कार्यालयातील कुशल वर्गीकरण कारकुनासारखी आहे. येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो. तो कोणत्या पोर्टवरून आला याची नोंद स्विच आपल्या तक्त्यात करतो आणि पुढे त्या पत्त्यावरचे पाकीट त्याच पोर्टने रवाना करतो. ठरावीक काळ, सामान्यतः ३०० सेकंद, एखाद्या पत्त्यावरून काहीच आले नाही, तर ती नोंद पुसली जाते. अनोळखी पत्त्याचे पाकीट मात्र आले त्या पोर्टखेरीज अन्य सर्व पोर्टवर पाठवावे लागते.

या शेवटच्या नियमात एक धोका दडलेला आहे. एक केबल तुटली तर दुसरी असावी, म्हणून दोन स्विचमध्ये एकाहून अधिक मार्ग ठेवण्याची प्रथा आहे. अशा मार्गांचे वर्तुळ पूर्ण झाले की सर्वांसाठी पाठविलेले पाकीट त्यात फिरतच राहते, कारण इथरनेटच्या पाकिटाला वयोमर्यादा नसते. त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सारे जाळे तुंबते. यावरील उपाय १९८५ साली संगणकशास्त्रज्ञ राडिया पर्लमन यांनी शोधला. ‘स्पॅनिंग ट्री’ या त्यांच्या पद्धतीत स्विच दर दोन सेकंदांनी एकमेकांना संदेश देतात आणि जादा मार्ग आपण होऊन बंद ठेवतात. मुख्य मार्ग तुटला तरच राखीव मार्ग उघडतात. या पद्धतीतील प्रचलित कालमर्यादा जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फार तर सात स्विच असतील असे धरून ठरविलेल्या आहेत. ही सातांची मर्यादा कागदावर किरकोळ वाटते. ती ओलांडल्याचा परिणाम काय होतो, हे एका रुग्णालयाच्या अनुभवावरून स्पष्ट होते.

बोस्टनच्या रुग्णालयाचा धडा

अमेरिकेतील बोस्टन शहरात बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर हे मोठे रुग्णालय आहे. दोन जुन्या रुग्णालयांच्या एकत्रीकरणातून ते १९९६ साली आकारास आले. इमारती जोडल्या गेल्या, विभाग वाढले आणि गरजेनुसार जाळ्याला ठिगळे लागत गेली. औषधांच्या सूचना, तपासण्यांचे निष्कर्ष, रुग्णांचे अहवाल असे सर्व व्यवहार संगणकावर आले होते. या बाबतीत ते रुग्णालय अग्रेसर मानले जात होते.

दिनांक १३ नोव्हेंबर २००२ रोजी हे जाळे एकाएकी मंदावले. एका संशोधकाच्या कामातील प्रचंड माहिती जाळ्यावर लोटली गेल्याचे पुढे आढळून आले. मात्र तो केवळ निमित्ताचा धनी होता. वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या या जाळ्याच्या काही भागांनी सातांची मर्यादा केव्हाच ओलांडली होती. भार वाढताच स्विचमधील परस्पर संदेश वेळेवर पोहोचेनासे झाले, बंद असावयाचे मार्ग उघडले गेले आणि पाकिटांचे वर्तुळ सुरू झाले. जाळे मध्येच सावरे, पुन्हा कोसळे. अखेर रुग्णालयाने संगणक बाजूस ठेवून कागदी पद्धतीचा अवलंब केला. संगणकावरच शिकून तयार झालेल्या तरुण डॉक्टरांना हाताने सूचना लिहिण्याचे वळण ऐन वेळी लावून घ्यावे लागले. उत्पादक कंपनीच्या तज्ज्ञांचे पथक आले, नवी सामग्री विमानाने मागविण्यात आली, आणि व्यवहार पूर्ववत होण्यास सुमारे चार दिवस लागले.

रुग्णालयाचे तत्कालीन मुख्य माहिती अधिकारी जॉन हलामका यांनी ही हकीकत झाकून न ठेवता जाहीरपणे मांडली, हे विशेष उल्लेखनीय होय. जाळ्याचे ज्ञान एकाच व्यक्तीपाशी साठू देऊ नये, जाळ्यातील प्रत्येक बदल पूर्वपरवानगीने व नोंद करूनच व्हावा, आणि जाळे पूर्ण बंद पडले तरी संपर्काचा स्वतंत्र मार्ग शिल्लक असावा, हे त्यांनी काढलेल्या निष्कर्षांपैकी काही होत.

प्रकृतीची लक्षणे

वैद्य ज्याप्रमाणे नाडी, श्वास, ताप आणि जिव्हा पाहतो, त्याप्रमाणे स्विचची पाहणीही चार अंगांनी करावी लागते.

पहिले अंग त्याच्या देहाचे : तापमान, पंखे आणि वीजपुरवठा. मोठ्या स्विचला बहुधा दोन वीजपुरवठे असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम विनाखंड चालू राहते, आणि नेमका हाच घात ठरतो. पहिला निकामी झाल्याचे कोणालाही जाणवत नाही. दुसराही गेल्यावर ते एकदमच कळते. धुळीने जाळी बुजलेल्या पंख्याचेही असेच आहे.

दुसरे अंग केबलचे. प्रत्येक पाकिटासोबत त्याच्या अचूकतेची खूण येते. ती जुळली नाही तर स्विच ते पाकीट टाकून देतो आणि चुकीच्या मोजणीत एकाची भर घालतो. ही मोजणी सतत वाढत असेल तर केबल, तिचा खटका किंवा दोन टोकांची मांडणी सदोष आहे असे समजावे. एका टोकाने दुहेरी आणि दुसऱ्या टोकाने एकेरी वाहतूक गृहीत धरली असेल, तर हिरवा दिवा लागलेला राहतो, थोडे काम चालतेही; परंतु भार वाढताच पाकिटे गळू लागतात. प्रकाशतंतूच्या जोडणीत येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता डेसिबलच्या मापाने कळते. ती तीन डेसिबलने घटली म्हणजे प्रकाश निम्म्यावर आला. जोडावरील धूळ किंवा तंतूला पडलेला तीव्र बाक ही त्याची नेहमीची कारणे होत.

तिसरे अंग भाराचे. येथे सरासरीने दिशाभूल होण्याचा संभव असतो. पाच मिनिटांत एखादा मार्ग सहा सेकंद पूर्ण तुंबला आणि उरलेला वेळ रिकामा राहिला, तर सरासरी भार अवघा दोन टक्के दिसेल. त्या सहा सेकंदांत गळालेली पाकिटे सरासरीत कोठेच दिसणार नाहीत. म्हणून भाराच्या जोडीने जागेअभावी टाकून दिलेल्या पाकिटांची संख्याही पाहणे आवश्यक ठरते.

चौथे अंग स्विचच्या मेंदूचे, म्हणजे प्रोसेसर व स्मृती यांचे. पाकिटे पुढे ढकलण्याचे काम स्वतंत्र चिप करीत असतात. प्रोसेसरकडे असते ते नियमनाचे काम. त्यावर अतिरिक्त ताण आला तर ‘स्पॅनिंग ट्री’चे संदेश मागे पडतात आणि बोस्टनसारखा प्रसंग ओढवू शकतो. जाळ्याची रचना वारंवार बदलत असल्याच्या नोंदी हा याच अंगाचा पूर्वसूचक इशारा होय.

मोजणी आणि तिचे फसवे आकडे

ही सर्व माहिती दूरवरून विचारता यावी यासाठी १९८८ साली ‘एसएनएमपी’ ही संकेतपद्धती प्रसिद्ध झाली. देखरेखीचा संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक स्विचला प्रश्न विचारतो व स्विच आकडे कळवितो. काही गंभीर घडले तर स्विच न विचारताही सूचना पाठवितो. हे आकडे आलेखात मांडण्याचे एक सोपे साधन टोबियास ओटिकर यांनी १९९५ साली उपलब्ध करून दिले. ‘एमआरटीजी’ या नावाच्या त्या साधनाचा उगम एका ६४ किलोबिटच्या लहानशा मार्गावरील भार पाहण्याच्या गरजेतून झाला होता.

आकडे वाचताना सावधगिरी हवी. जुन्या पद्धतीचा ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो, जसा जुन्या मोटारीचा किलोमीटर दाखविणारा मीटर नव्वाण्णवाचे सर्व आकडे संपल्यावर शून्यावर येई. दहा मेगाबिटच्या पूर्ण भरलेल्या मार्गावर या फेऱ्यास सुमारे ५७ मिनिटे लागतात. एक गिगाबिटच्या मार्गावर केवळ ३४ सेकंद. दर पाच मिनिटांनी वाचन करणाऱ्याच्या हाती अशा वेळी सर्वस्वी खोटा आकडा येतो आणि तुंबलेला मार्ग मोकळा भासतो. म्हणून वेगवान मार्गांसाठी ६४ बिटांचेच काउंटर वाचावेत. त्याचप्रमाणे, या पद्धतीच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडपणे प्रवास करतो. २००२ साली पूर्ण मानक म्हणून मान्यता पावलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो सांकेतिक करण्याची सोय आहे. देखरेखीचे दार परक्यासाठी उघडे राहू नये, ही दक्षताही देखरेखीचाच भाग आहे.

निरोगी दिवसांची नोंद

एखाद्या स्विचचे तापमान पंचेचाळीस अंश आहे, हे चांगले की वाईट? या प्रश्नाचे उत्तर एकट्या आकड्यात नाही. तो गतवर्षी याच ऋतूत त्रेचाळीस असेल तर चिंतेचे कारण नाही. गेल्या आठवड्यात तीस असेल तर पंखा तपासला पाहिजे. म्हणजे आजाराचे निदान निरोगी दिवसांच्या नोंदीवरच उभे असते. जाळे सुरळीत असताना ठेवलेल्या नोंदींना कंटाळवाणे काम समजून फाटा देण्यात येतो, आणि संकटसमयी नेमक्या त्याच हव्या असतात.

इशाऱ्यांबाबतही तारतम्य हवे. क्षुल्लक कारणांसाठी दिवसाला शेकडो इशारे येऊ लागले, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीप्रमाणे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. जेथे कोणी काही कृती करणे आवश्यक आहे, तेथेच इशारा द्यावा. बाकीची केवळ नोंद ठेवावी. सर्व स्विचची घड्याळे एकच वेळ दाखवीत असावीत, अन्यथा कोणता बिघाड आधी आणि कोणता नंतर हे उलगडत नाही. ज्या जाळ्यावर लक्ष ठेवावयाचे त्याच जाळ्यातून देखरेखीची वाट जात असेल, तर जाळे तुंबताच देखरेखही आंधळी होते. महत्त्वाच्या स्विचपर्यंत वेगळी वाट राखून ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

शेवटच्या खिडकीपर्यंत

केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी संगणक-जाळ्यांच्या योजनेस मान्यता दिली. राज्य, जिल्हा आणि तालुका मुख्यालये किमान दोन मेगाबिट क्षमतेच्या मार्गांनी जोडणे हा तिचा उद्देश होता. महाराष्ट्रातही मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत असे जाळे उभे राहिले. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध होऊ लागला. पीककर्जासाठी उतारा काढावयास आलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्या यंत्रणेचे मोल एकाच गोष्टीवर ठरते : त्याचा कागद त्या दिवशी मिळाला की नाही. कार्यालयातील एका कपाटातला स्विच तापला, तर त्याचा हेलपाटा वाढतो आणि दिवसाची मजुरी बुडते.

यासाठी प्रत्येक कार्यालयप्रमुखाने अभियंता असण्याची गरज नाही. चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधते. आपल्या जाळ्याचा आजच्या स्थितीचा नकाशा कोठे आहे? साधारण दिवशी आकडे किती असतात, याची नोंद आहे काय? इशारा आला तर तो कोणाकडे जातो, आणि ती व्यक्ती रजेवर असताना कोणाकडे? राखीव मार्ग व राखीव वीजपुरवठा प्रत्यक्ष चालवून अखेरचे केव्हा पाहिले? या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात त्या कार्यालयात बिघाड होणारच नाही असे नाही. पण तो रांगेतल्या माणसाच्या आधी कर्मचाऱ्याला कळेल. देखरेखीचे सारे प्रयोजन एवढेच आहे.