राखून ठेवलेला डाव

प्रश्न : फातोर्ड्याला फुटबॉलचा चांगला सामना असला की आम्ही काही मित्र इथून रेल्वेने मडगावला जातो. तिथे एकदा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं की, पाहुण्या संघाचा प्रशिक्षक पूर्वी दुसऱ्या एका नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सहाय्यक होता आणि आता दोघे एकमेकांविरुद्ध संघ उतरवतात. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, असं आपल्याकडे म्हणतात. फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षकही तसंच करत असेल का? उद्या आपल्यालाच हरवणाऱ्याला तो शिकवतो तरी कशाला?
— एक वाचक, सिंधुदुर्गनगरी (ओरोस)

उत्तर : नाही, राखून ठेवत नाही. ठेवायचं म्हटलं तरी ते शक्य नसतं.

आखाड्यात कोणता डाव कधी दाखवायचा हे वस्तादाच्या हातात असतं. फुटबॉलच्या सहाय्यकाचं तसं नाही. सकाळचा सराव तोच आखतो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने पाहून टिपणं तो काढतो. कॉर्नर आणि फ्री किकला कुणी कुठे उभं राहायचं हे बऱ्याच संघांत त्याच्याकडेच असतं. ज्याला संघातून वगळलंय तो खेळाडू आधी त्याच्याकडे येऊन मन मोकळं करतो. मध्यंतरात मुख्य प्रशिक्षक बोलतो तेव्हा हा दारापाशी उभा राहून सगळं ऐकत असतो. अशा माणसापासून लपवायचं काय?

त्याला जे मिळत नाही ते वेगळंच आहे : निर्णयाची जबाबदारी. मुख्य प्रशिक्षक सहाय्यकाला खरोखर घडवतो की नुसता राबवून घेतो, हे ती तो कधी देतो का यावरूनच ओळखावं. सहाय्यक सल्ला देतो, निर्णय दुसरा घेतो. सत्तराव्या मिनिटाला बरोबरी आहे, कर्णधार दमलाय, त्याला बाहेर काढायचं का? सहाय्यक कानात सांगू शकतो, पण चुकलं तर शिव्या त्याला पडत नाहीत. ही जबाबदारी पुस्तकातून येत नाही आणि परवान्याच्या अभ्यासक्रमातूनही पुरती येत नाही. आशियाई फुटबॉल महासंघाचे डी, सी, बी, ए आणि प्रो असे परवाने एकेक पायरी चढून मिळवावे लागतात. ते हवेतच. पण संघ एकट्याच्या हाती येतो तो क्षण कुणीतरी द्यावा लागतो, किंवा परिस्थिती तो आणून देते.

याचं अलीकडचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याचं आहे. डेंपो संघाचा बचाव वर्षानुवर्षं सांभाळणारे महेश गवळी पुढे भारतीय संघाचे सहाय्यक प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक होते क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच. 2023 च्या सॅफ स्पर्धेत, बेंगळुरूला, स्टिमॅच यांना दोनदा लाल कार्ड मिळालं आणि शेवटी दोन सामन्यांची बंदी आली. ते दोन सामने म्हणजे लेबनॉनविरुद्धची उपांत्य फेरी आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना. दोन्ही वेळा मैदानाच्या कडेला उभे होते महेश गवळी, आणि दोन्ही सामने पेनल्टी शूटआऊटपर्यंत ताणले गेले. 4 जुलैला अंतिम सामना 1-1 असा सुटला आणि शूटआऊटमध्ये भारताने 5-4 ने चषक घेतला. मला विचाराल तर त्या विजयातला अर्धा वाटा आदल्या वर्षभराच्या सरावाचा आहे. सहाय्यक आधीपासून निर्णयांत सहभागी नसता, तर मुख्य प्रशिक्षक बाकावर नाही म्हणताच संघ गोंधळून गेला असता. चांगला सहाय्यक तयार करण्याचा पहिला फायदा मुख्य प्रशिक्षकालाच असा होतो, आणि तो सहाय्यक जाण्याच्या कितीतरी आधी.

डेंपोचा उल्लेख आलाच आहे तर थोडं थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका क्लबच्या इतिहासात आहे. आर्मांदो कोलासो यांच्या प्रशिक्षणाखाली डेंपोने 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, दोनदा जुन्या राष्ट्रीय लीगचं आणि तीनदा आय-लीगचं. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा हे सगळे त्या संघाचे खेळाडू. एकाच प्रशिक्षकाबरोबर इतकी वर्षं राहिलेला संघ भारतात विरळाच. त्यातले किती जण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले पाहा. समीर नाईक डेंपोचेच प्रशिक्षक झाले. गवळींचं वर सांगितलं. आणि क्लिफर्ड मिरांडांची वाट तर सहाय्यकाचं आयुष्य कसं असतं याचा नकाशाच आहे.

2020 च्या जानेवारीअखेर एफसी गोवाने स्पेनच्या सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. साखळीचे सामने थोडेच उरले होते. संघ मिरांडांच्या हाती आला, सोबतीला अनुभवी डेरिक परेरा होते. 19 फेब्रुवारीला त्यांनी जमशेदपूरला 5-0 ने हरवलं, साखळीत पहिला क्रमांक पक्का केला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरण्याचा मान गोव्याला मिळाला. इतकं झाल्यावर कुणी म्हणेल, आता हा मुख्य प्रशिक्षकच होणार. झालं उलट. पुढच्या हंगामात हुआन फेरांडो आले आणि मिरांडा पुन्हा सहाय्यक झाले. मग ते ओडिशाला जोसेप गोंबाऊ यांचे सहाय्यक म्हणून गेले. गोंबाऊ गेल्यावर संघ तात्पुरता मिरांडांकडे आला आणि 25 एप्रिल 2023 रोजी कोळिकोडला बेंगळुरू एफसीला 2-1 ने हरवून ओडिशाने सुपर कप जिंकला. त्या क्लबचं ते पहिलं मोठं विजेतेपद. आणि त्यानंतर? पुन्हा सहाय्यक, या वेळी कोलकात्याला, मोहन बागानमध्ये. मुख्य प्रशिक्षक कोण, तर तेच फेरांडो, जे स्वतः गोवा सोडून तिकडे गेले होते.

यात तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट उलटी होऊन दिसते. आपण म्हणतो, शिकवलेला माणूस सोडून जातो. इथे शिकवणारे सोडून गेले, एकामागून एक, आणि शिकलेला मागे राहून घर सांभाळत राहिला. आपल्याकडच्या क्लबांत मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची फार अस्थिर असते, चार पराभव झाले की तो जातो. सहाय्यकाने अशा प्रत्येकाकडून काही घेतलेलं असतं. फेरांडोंना नव्या शहरात विश्वासाचा माणूस हवा होता तेव्हा त्यांनी जुन्या सहाय्यकाला बोलावलं, यातच त्या नात्याचं मोल आलं.

आता उद्या आपल्यालाच हरवेल त्याचं काय, हा तुमचा खरा काटा. तो टोचतो हे खरंच आहे. जोझे मोरिन्यो यांचं उदाहरण घ्या. बॉबी रॉबसन 1992 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये आले तेव्हा त्यांना भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून हा तरुण जोडीला दिला गेला. रॉबसन यांनी त्याला भाषांतरापुरतं ठेवलं नाही. प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहायला पाठवलं, अहवाल लिहायला लावले, सराव घेऊ दिला, पुढे पोर्तो आणि बार्सिलोनाला बरोबर नेलं. बार्सिलोनाला रॉबसन यांच्यानंतर लुई व्हॅन गाल आले. त्यांनी मोरिन्योंना ठेवून घेतलं आणि कातालुन्या चषकासारख्या स्पर्धेत संघ त्यांच्या हाती देऊन पाहिला. 2000 मध्ये मोरिन्यो बाहेर पडले. 22 मे 2010 रोजी माद्रिदला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. एका बाकावर बायर्न म्युनिकचे व्हॅन गाल, दुसऱ्यावर इंटर मिलानचे मोरिन्यो. इंटर 2-0 ने जिंकला.

व्हॅन गाल यांनी एखादा डाव राखून ठेवला असता तर निकाल बदलला असता? मला तसं वाटत नाही. सोडून गेल्याला दहा वर्षं झाली होती. त्या दहा वर्षांत मोरिन्योंनी स्वतःचं बरंच काही शोधलं होतं, आणि 2000 सालचा कुठलाही गुप्त डाव 2010 मध्ये शिळाच झाला असता. फुटबॉलमधली माहिती फार लवकर जुनी होते. आज चित्रफितीवर सगळं सगळ्यांना दिसतं. टिकते ती पारख : कोणत्या खेळाडूला कधी काय म्हणायचं, कधी गप्प राहायचं. ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात तशीच्या तशी जात नाही, म्हणून ती राखून ठेवण्याचाही प्रश्न येत नाही.

मुख्य प्रशिक्षकाला सहाय्यकाची गरज किती असते, हे अॅलेक्स फर्ग्युसन यांनी स्वतःच सांगितलेल्या एका प्रसंगातून कळतं. ते अॅबर्डीनला होते तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सहाय्यकाने सरळ विचारलं, मला इथे आणलंत कशाला? सराव तुम्हीच घेता, मला कामच नाही. फर्ग्युसन आधी बधले नाहीत. मग त्यांनी सराव सहाय्यकाकडे सोपवला आणि स्वतः कडेला उभं राहून पाहायला लागले. तेव्हा त्यांना दिसलं की शिट्टी हातात असताना कितीतरी गोष्टी नजरेतून सुटत होत्या : कोण घरच्या काळजीत आहे, कोणाचा पाय दुखतो पण तो बोलत नाही. सत्तावीस वर्षं मँचेस्टर युनायटेडला ते या पद्धतीने राहिले. सहाय्यक येत गेले, जात गेले. 1998 च्या डिसेंबरमध्ये ब्रायन किड ब्लॅकबर्नचे मुख्य प्रशिक्षक व्हायला गेले, तेही हंगामाच्या मध्यावर. फेब्रुवारीत स्टीव्ह मॅक्लारेन आले आणि मे महिन्यात युनायटेडने एकाच हंगामात तीन मोठे चषक जिंकले. किड यांच्याबद्दल फर्ग्युसन यांनी नंतर आत्मचरित्रात कडवटपणे लिहिलं, म्हणजे दुखावणं त्यांनाही चुकलं नाही. पण काम थांबलं नाही. दुसरे एक सहाय्यक कार्लोस किरोझ 2003 मध्ये रेआल माद्रिदला गेले आणि वर्षभरात परतही आले. हुशार माणूस आपल्याकडे येतो तोच मुळी इथून पुढे जाता येईल हे पाहून. जाण्याचं दार बंद केलं तर येणारे कमी कुवतीचे येतात.

आता आपल्या मातीतलं सांगतो, खेळ बदलून. मालवणात जन्मलेल्या रमाकांत आचरेकर सरांनी शिवाजी पार्कवर क्रिकेटपटू घडवले हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या हाताखालून प्रशिक्षक किती निघाले याकडे मात्र आपलं लक्ष कमी जातं. 1988 च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागी केली तेव्हा सरांच्या वतीने सीमारेषेबाहेर उभे होते त्यांचे सहाय्यक लक्ष्मण चव्हाण. डाव घोषित करा म्हणून ते खुणा करत राहिले आणि दोघं पोरं तिकडे बघेचनात. चव्हाण आणि दास शिवलकर हे सहाय्यक सरांबरोबर राहिलेले, म्हणजे सगळेच सोडून जातात असंही नाही, आणि राहणाऱ्यांचं काम तितकंच मोठं. त्याच सामन्यात पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता अमोल मुजुमदार.

जून 2022. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बेंगळुरू. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार, मध्य प्रदेशचे चंद्रकांत पंडित. दोघेही आचरेकर सरांचे शिष्य. पंडित मूळचे मुंबईचेच, मुंबईला प्रशिक्षक म्हणून रणजी जिंकून दिलेले, मग विदर्भाला सलग दोनदा जिंकून दिलेले. त्यांच्या मध्य प्रदेशने मुंबईला 6 गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी जिंकली. त्याला मी मुंबईचं नुकसान म्हणणार नाही. एका शाळेचं शिक्षण विदर्भात गेलं, मध्य प्रदेशात गेलं, तिथली मुलं वर आली. हरलेल्या बाकावरचे मुजुमदारही थांबले नाहीत. भारतासाठी एकही सामना खेळायला न मिळालेला हा माणूस 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकून गेला.

म्हणून माझं उत्तर ठाम आहे. सहाय्यकाला पूर्ण शिकवणारा आणि वेळ आली की जाऊ देणारा प्रशिक्षकच मोठा. जो डाव राखून ठेवतो त्याच्याकडे शेवटी तो एकच डाव उरतो.

तुमच्या ओरोसला जिल्हा क्रीडा संकुल आहे, सुब्रतो चषकाचे जिल्हास्तरीय सामने दरवर्षी होतात. तिथल्या ज्येष्ठ प्रशिक्षकांना माझी विनंती पोहोचवा : या हंगामातला एक सामना हाताखालच्या तरुण प्रशिक्षकाला पूर्ण द्यावा, संघनिवडीसह, आणि सामनाभर स्वतः प्रेक्षकांत बसावं. पुढे तो पणजीला किंवा पुण्याला चांगल्या कामावर जायला निघाला, तर त्याचं शिफारसपत्र त्यांनीच लिहावं.