आधी बसले, तेच आधी कसे उठले?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञानला आहे. इलेक्ट्रॉन आधी ४एसमध्ये बसतात आणि नंतर ३डीमध्ये, असे तिला शिकवले आहे. म्हणून लोहाच्या अणूत ४एसमध्ये दोन आणि ३डीमध्ये सहा. पण लोहाचा आयन करायची वेळ आली की ४एसमधलेच दोन आधी काढायचे! एसटीत शेवटी चढलेला माणूस दाराशी उभा असतो, म्हणून तोच आधी उतरतो. इथे आधी चढलेला आधी उतरतो, हे कसे? क्लासच्या सरांनी ‘तसेच असते, पाठ कर’ म्हणून विषय संपवला.

उत्तर : विषय तिथे संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतो. एक गोष्ट आपण न बोलता धरून चालतो, आणि सगळा घोळ तिच्यात आहे. ती अशी की, लोहाचा एक रिकामा अणू उभा आहे आणि त्यात एकामागून एक सव्वीस इलेक्ट्रॉन चढत आहेत. पाठ्यपुस्तकातला भरण्याचा क्रम असा कुठल्याच अणूत घडत नाही. तो क्रम आवर्तसारणीत एका घरातून पुढच्या घरात जाण्याचा आहे. पोटॅशियमवरून कॅल्शियमवर आलो की एक इलेक्ट्रॉन वाढतो, पण त्याबरोबर केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. कॅल्शियमवरून स्कँडियमवर आलो की पुन्हा तेच. तुमच्याच एसटीच्या भाषेत सांगायचे तर दर थांब्याला गाडी बदलते. फक्त प्रवाशांची यादी पुढे चालू राहते. आयन होताना मात्र गाडी तीच असते. लोहाचे दोन इलेक्ट्रॉन गेले तरी केंद्रकातले प्रोटॉन सव्वीसच राहतात. म्हणजे चढण्याचा क्रम अनेक गाड्यांचा आणि उतरण्याचा एकाच गाडीचा. एकावरून दुसरा काढता येत नाही.

हे आकड्यांत पाहू, कारण आकडे इथे फार बोलके आहेत. पोटॅशियमचा अणू, एक इलेक्ट्रॉन गमावलेला कॅल्शियम आणि दोन गमावलेला स्कँडियम हे तीन शेजारी घ्या. तिघांतही इलेक्ट्रॉन एकोणीसच. त्यांतले अठरा आरगॉनसारखे घट्ट बसलेले, आणि एकोणिसाव्याने कुठे बसायचे एवढाच प्रश्न. पोटॅशियममध्ये तो ४एसमध्ये असतो. त्याला ३डीमध्ये न्यायचे तर सुमारे २.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा द्यावी लागते. कॅल्शियमच्या आयनातही तो ४एसमध्येच, पण आता फरक १.६९ इतकाच उरला आहे. स्कँडियमच्या दोन धनप्रभारांच्या आयनात पारडे पूर्ण फिरते. तिथे एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डीमध्ये बसलेला असतो, आणि ४एस त्याच्या ३.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर असते. पुढच्या टायटॅनियमचे तीन इलेक्ट्रॉन काढून उरलेला एकोणिसावा पाहिला, तर हे अंतर दहाच्या घरात जाते. हे सगळे वर्णपटाच्या रेषा मोजून मिळालेले आकडे आहेत, कुणाच्या आराखड्यातून आलेले नाहीत.

असे का होते? ४एसमधला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळ बाहेर असतो, पण अधूनमधून तो थेट केंद्रकापर्यंत शिरतो आणि तिथल्या ओढीचा फायदा घेतो. ३डीमधल्याला हे जमत नाही. त्याच्या गतीमुळे तो केंद्रकाच्या अगदी जवळ जाऊ शकत नाही. पोटॅशियममध्ये आतले अठरा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार त्याच्यापासून जवळजवळ पूर्ण झाकतात, त्यामुळे ३डी वर राहते. केंद्रकाचा प्रभार वाढू लागला की ३डी एकदम आत ओढले जाते आणि झपाट्याने खाली उतरते. लोहापर्यंत येईतो ३डी आटोपशीर होऊन आत गेलेले असते, आणि ४एसचा मुख्य भाग त्याच्या सुमारे तिप्पट अंतरावर बाहेर असतो. दाराशी कोण उभे आहे, हे आता वेगळे सांगायला नको.

कॅल्शियमच्या त्या एक प्रभाराच्या आयनाबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण त्याला आपल्याकडचा इतिहास आहे. सूर्याच्या वर्णपटात ३९३४ आणि ३९६८ अँगस्ट्रॉमला दोन ठळक काळ्या रेषा दिसतात. खगोलशास्त्रज्ञ त्यांना के आणि एच म्हणतात. त्या कॅल्शियमच्या अणूच्या नाहीत, आयनाच्या आहेत. त्याचा एकुलता ४एस इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून ४पीमध्ये जातो तेव्हाच्या. सूर्याच्या वरच्या विरळ थरात कॅल्शियम असे इलेक्ट्रॉन गमावून का बसते, याचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. तापमान किती, दाब किती आणि इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा किती लागते, या तिन्हींवरून कोणत्या ताऱ्यात कोणता आयन किती प्रमाणात सापडेल हे त्यांच्या समीकरणाने सांगता येऊ लागले. बारावीच्या पुस्तकात आयन म्हटले की बीकर आणि क्षार डोळ्यांसमोर येतात. विश्वातले बहुतेक आयन मात्र ताऱ्यांत आणि अवकाशातल्या विरळ वायूत आहेत.

आता पुन्हा स्कँडियमकडे, आणि या वेळी खरोखर एकाच गाडीत एकेक इलेक्ट्रॉन चढवून पाहू. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला स्कँडियम घ्या. पहिला परत आला की ३डीमध्ये बसतो. दुसरा ४एसमध्ये. तिसराही ४एसमध्ये. झाला उदासीन अणू. उतरायला लागले तर आधी ४एसमधले दोन जातात आणि ३डीतला शेवटी. जो आधी चढला तो शेवटी उतरला. तुमच्या एसटीचा नियम मोडलाच नाही!

यावर मुलगी लगेच उलट विचारेल, आणि तिने विचारलेच पाहिजे, की ३डी जर खाली आहे तर स्कँडियमचे तिन्ही इलेक्ट्रॉन तिथेच का नाही बसत? कारण ३डी लहान जागेत दाटलेले आहे. तिथे दुसरा इलेक्ट्रॉन घातला की दोघे एकमेकांना जोरात ढकलतात. ४एस ऐसपैस आहे, तिथे हा त्रास कमी. अणू एकेका इलेक्ट्रॉनची ऊर्जा वेगळी वेगळी पाहत नाही. सगळ्यांची मिळून बेरीज सर्वात कमी कुठे होते, ती रचना टिकते. स्कँडियममध्ये ४एसमधला एक उचलून ३डीमध्ये टाकला तर ही बेरीज सुमारे १.४३ इलेक्ट्रॉन-व्होल्टने वाढते. क्रोमियम आणि तांब्यात हाच हिशोब उलटा पडतो, म्हणून तिथे ४एसमध्ये एकच इलेक्ट्रॉन उरतो. पुस्तके त्याला ‘अपवाद’ म्हणतात. निसर्गाच्या दृष्टीने तो अपवाद नाही. भरण्याचा क्रम दाखवणाऱ्या तिरक्या बाणांच्या आकृतीत बसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. ती आकृती परीक्षेत उपयोगी आहे, लक्षात राहते, मी तिच्यावर राग धरत नाही. पण ती दाखवून ‘म्हणून असे होते’ म्हणणे म्हणजे पंचांग दाखवून ‘म्हणून सूर्य उगवतो’ म्हणण्यासारखे आहे.

आयनात ४एस खरेच रिकामे आहे, हे प्रयोगशाळेत कसे कळते? इथे एक गंमत आहे. ज्या लोहाच्या उदाहरणाने सगळे हा धडा शिकवतात, ते फेरस आयनाचे उदाहरण पुराव्यासाठी अगदी कुचकामी आहे. ४एसमधले दोन काढले तर ३डीमध्ये सहा उरतात. पाच कक्षकांत सहा, म्हणजे एक जोडी आणि चार एकेकटे. समजा चुकून ३डीमधलेच दोन काढले, तर ३डीमध्ये चार उरतात. तेही चार एकेकटे. चुंबकाशी असलेले वर्तन एकेकट्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर ठरते, तेव्हा चुंबक इथे दोन्ही बाजूंनी एकच साक्ष देतो. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या फेरिक आयनावर मात्र निकाल लागतो: ४एस रिकामे असेल तर पाच एकेकटे, नसेल तर तीन. मोजल्यावर सहसा पाच निघतात.

त्याहून सोपे उदाहरण जस्ताचे. झिंक सल्फेटची पुडी प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत असते. ४एसमधले दोन गेले असतील तर ३डीमध्ये दहाच्या दहा राहतात, सगळे जोडीने. मग क्षार चुंबकाकडे ओढला जाता कामा नये, आणि डी-डी उड्यांना, म्हणजे ३डीच्या एका कक्षकातून दुसऱ्यात जाण्याला, जागाच नसल्यामुळे तो रंगीतही असता कामा नये. ३डीमधले दोन गेले असते तर आठ उरले असते, दोन एकेकटे, आणि बहुधा रंगही आला असता. झिंक सल्फेट पांढरे आहे आणि प्रबळ चुंबकही त्याला खेचत नाही. शेजारच्या बाटलीतला मोरचूद निळा आहे. तांब्याच्या आयनात ३डीमध्ये नऊ इलेक्ट्रॉन आहेत आणि एक जागा मोकळी. तोच मोरचूद चमच्यात तापवून त्यातले पाणी उडवले की तो पांढरट पडतो, कारण इलेक्ट्रॉनांना कोणता प्रकाश शोषता येईल हे भोवतालच्या पाण्याच्या रेणूंवरही अवलंबून असते.

परीक्षेपुरते सांगायचे तर संरूपण लिहिताना ३डी आधी आणि ४एस शेवटी लिहावे, आणि धन आयनासाठी उजवीकडून पुसत यावे. दोन किंवा अधिक प्रभारांच्या आयनांत हे या ओळीतल्या सगळ्या संक्रमण मूलद्रव्यांना लागू पडते. एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या वायुरूप आयनांत मात्र निसर्ग पुन्हा खोडी काढतो: व्हॅनेडियम, कोबाल्ट आणि निकेल यांचा एक इलेक्ट्रॉन गेला की ४एसमध्ये उरलेला दुसराही ३डीमध्ये सरकतो. उत्तरपत्रिकेत हे कोणी विचारणार नाही. मुलीला मात्र जरूर सांगा.

प्रश्न : अष्टक पूर्ण व्हावे म्हणून सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन आनंदाने देतो आणि क्लोरीन घेतो, असे वाचले. देण्याचा एवढा आनंद असेल तर सोडियमच्या बाटलीत इलेक्ट्रॉन सांडलेले का नसतात?

उत्तर : आनंद वगैरे काही नाही. सोडियमच्या एक मोल अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. तो घेताना क्लोरीन ३४९ परत देते. १४७ चा तोटा उरतोच, म्हणजे दूर दूर असलेल्या दोन अणूंमध्ये हा व्यवहार होणारच नाही. तो भरून निघतो धन आणि ऋण आयन जवळ आल्यावर. साडेनऊ अँगस्ट्रॉमच्या आत आले की त्यांची ओढ १४७ फेडते, आणि पुढे सगळा नफा. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात. सुटे आयन एकत्र येऊन असा स्फटिक झाला की मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल मिळतात. त्यातून धातूचे अणू सुटे करायचा खर्च (१०७) आणि क्लोरीनचा रेणू फोडायचा खर्च (१२२) वजा केला, वरचा तोटाही धरला, की ४११ शिल्लक. मीठ तयार होताना नेमकी तेवढीच उष्णता बाहेर पडते. हा जमाखर्च १९१९ मध्ये बॉर्न आणि हाबर यांनी मांडला.

मग सोडियम एकावरच का थांबते? दुसरा काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात. तो आतल्या कवचातला आहे, केंद्रकाच्या जवळ, आणि त्याला झाकणारे फार कोणी नाही. कुठल्याही स्फटिकाला ही किंमत परवडत नाही. मॅग्नेशियमला दोन काढायला ७३८ आणि १४५१ लागतात, ते परवडतात. तिसऱ्याला ७७३३ लागतात, तिथे तेही थांबते. अष्टक हे अणूचे ध्येय नाही. खर्च परवडेनासा होतो ती जागा बहुतेक वेळा तिथे येते, इतकेच. ऑक्सिजनचे पाहा. दोन ऋण प्रभारांचा ऑक्साइड आयन ‘पूर्ण अष्टकाचा’ असूनही एकटा टिकत नाही, दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्यात जबरदस्तीने कोंबावा लागतो. धन आयनांच्या शेजारात, म्हणजे चुन्यासारख्या स्फटिकात, तोच सुखाने राहतो.

प्रश्न : पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीज सात धनप्रभाराचे असते. म्हणजे त्याचे सात इलेक्ट्रॉन खरोखर निघून गेलेले असतात का?

उत्तर : नाही. सात काढायचे तर मोलमागे एकूण सुमारे ३८ हजार किलोज्यूल लागतील. तिथला ‘सात’ हा हिशोबाचा आकडा आहे. बंधातले इलेक्ट्रॉन आपण सगळे ऑक्सिजनच्या नावावर मांडतो, म्हणून तो येतो. प्रत्यक्षात मँगनीज आणि ऑक्सिजन ते वाटून घेतात. त्या हिशोबाने मँगनीजच्या ३डीमध्ये एकही इलेक्ट्रॉन नसताना द्रावण इतके गडद जांभळे कसे, याचेही उत्तर त्यातच आहे. प्रकाश पडला की ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन क्षणभर मँगनीजकडे जातो, आणि अशा उड्या डी-डी उड्यांपेक्षा कितीतरी जोरात प्रकाश शोषतात. बारावीच्या अनुमापनात मोहरच्या मिठाच्या आम्लयुक्त द्रावणात परमँगनेटचा थेंब पडताच जांभळा रंग नाहीसा होतो. तिथे पाच फेरस आयन एकेक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक होतात, आणि मँगनीज दोन प्रभारांवर येते. त्यात ३डीमध्ये पाच इलेक्ट्रॉन, पाचही एकेकटे. तिथली डी-डी उडी मारायची तर एका इलेक्ट्रॉनला आपली फिरकी उलटावी लागते, आणि ते क्वचितच घडते. म्हणून त्याचा फिका गुलाबी रंग फ्लास्कमध्ये दिसतही नाही. शेवटी जो गुलाबी रंग टिकून राहतो, तो जास्त पडलेल्या एका थेंबातल्या परमँगनेटचा.