बुलेटचा गिअरबॉक्स खोलण्याआधी

जुनी बुलेट सेकंड गिअरमधून सुटायला लागली की गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'बॉक्स खोलावा लागेल.' माझ्या 350 च्या बाबतीत हेच झालं. गाडी सत्तरच्या दशकातली. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. एका गॅरेजनं ती ठेवून घेतली, 'अख्खा गिअर सेट बदलला' असं बिल हातात दिलं, आणि गाडी घरी आली ती आधीपेक्षा बिघडून. पूर्वी नुसता सेकंड सुटायचा. आता सेकंड आणि थर्डच्या मध्ये गाडी मोकळी पडायची, सिग्नलला न्यूट्रल सापडायचं नाही, आणि डाव्या बाजूच्या चेन कव्हरमध्ये गिअर ऑईल उतरायला लागलं.

शेवटी कोल्हापुरात, उद्यमनगराजवळच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी पाना उचललाच नाही. म्हणाले, "मालक, बॉक्स खोलायच्या आदी क्लच बघितलासा काय?"

बुलेटवाल्यांसाठी हा प्रश्न सोन्याच्या मोलाचा आहे. या गाडीची किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनपर्यंत पोचते. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, क्लच पूर्ण ओढा आणि किक दाबा. किक खाली गेली आणि इंजिन फिरलं नाही, तर क्लच नीट सुटतोय. इंजिनही फिरलं, तर प्लेटा एकमेकींना चिकटून राहताहेत. असा क्लच असताना गिअर कर्रकन पडणार, थांबल्यावर न्यूट्रल हरवणार, आणि दोष मात्र बॉक्सला लागणार. केबलचा ताण, प्लेटा, क्लच स्प्रिंगांचा समतोल हे सगळं बॉक्सला हात न लावता दुरुस्त होतं. टाचेनं दाबायचा न्यूट्रल फाइंडर या गाडीला आहे, पण तो सोयीसाठी. बिघडलेला क्लच लपवायला तो वापरू नये.

दुसरी तपासणी बाहेरच्या झाकणाखालची. मूळ बॉक्स बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या घडणीचा. 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि तिथं ही रचना फारशी न बदलता पुढची जवळपास पन्नास वर्षं चालली. उजवीकडचं बाहेरचं झाकण काढलं की पायाच्या गिअरचं रॅचेट, त्याचा पॉल, परतीच्या स्प्रिंगा आणि दोन बोल्टांवर बसवलेली एक पट्टी दिसते. पट्टीची भोकं लांबट असतात, म्हणजे ती थोडी मागेपुढे सरकते. माझ्या गाडीत ही पट्टी एका टोकाला ढकलून कचकून आवळलेली होती. मेस्त्रींनी आधी पेन्सिलीनं तिच्या कडेला रेघ मारली, मग बोल्ट अर्धवट सैल केले. लिव्हर तात्पुरता चढवून बोटानं हलकेच वर-खाली हलवला. पॉलनं रॅचेटचा दात धरेपर्यंतची मोकळी चाल वर आणि खाली सारखी भरली पाहिजे, एवढंच गणित. पट्टी त्या रेघेपासून जेमतेम दोऱ्याभर सरकली आणि सेकंड-थर्डमधली मोकळी जागा गेली. चारही गिअर घालून, मागचं चाक हातानं फिरवत हे पाहायचं. एकाच गिअरवर समाधान मानायचं नाही.

पण सेकंड अजून सुटत होता. तेव्हाच आत जायचं ठरलं. एकच गिअर, तोही ॲक्सिलरेटर दिल्यावर किंवा एकदम सोडल्यावर सुटत असेल, एका लयीत टक-टक ऐकू येत असेल, किंवा सोडलेल्या ऑईलमध्ये धातूचे कण असतील, तर बॉक्स खोलण्याला पर्याय नाही.

खोलताना दोन गोष्टींनी गाड्यांचं कायमचं नुकसान होतं. एक, चुकीचे पाने. जुन्या बुलेटवर बरेच नट व्हिटवर्थ मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना 'जवळपास' बसतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. कुठला नट उलट्या आट्यांचा आहे हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय लांब दांडा लावू नका. दुसरी गोष्ट, झाकणांच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं. ॲल्युमिनियमच्या त्या घासलेल्या कडेवर एक ओरखडा पडला की पुढं कितीही पॅकिंग आणि शेलॅक लावा, ऑईल गळणारच. लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी टकटक करत राहिलं की झाकण आपणहून सुटतं. गिअर काढताना थ्रस्ट वॉशर ग्रीसनं पिनियनच्या पाठीला चिकटून येतात आणि फडक्यात हरवतात, म्हणून भाग ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा आणि फोटो काढत जा.

आत 'अख्खा सेट' नव्हताच. सेकंडचा एक पिनियन नवा होता, त्याच्या शेजारी सरकणारा जोडीदार जुनाच. पिनियनच्या बाजूला जे चौकोनी डॉग असतात, ते एकमेकांत अडकले की गिअर लागतो. नव्याच्या कडा धारदार. जुन्याच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल. नख फिरवलं तरी कळत होतं. गोल कडेवर जोर आला की डॉग घसरून बाहेर पडतो. जोडीतला एकच भाग बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. दातांना दात लागून फिरणाऱ्या आणि डॉग अडकणाऱ्या जोड्या एकदमच बदला, आणि सरकवणारा फोर्क वाकलाय का, त्याची टोकं झिजलीत का, तेही त्याच बैठकीत पाहा.

डाव्या बाजूच्या ऑईलचं मूळ स्लीव्ह गिअरच्या बुशात निघालं. मेनशाफ्ट या बुशात फिरतो. कुणीतरी तो पितळेचा करून घातला होता, तो सैल झाला आणि शाफ्टच्या कडेनं ऑईल क्लचकडे जायला लागलं. हा बुश फॉस्फर ब्राँझचाच हवा. आणखी एक गोष्ट लेथवाल्याला आधीच सांगा: बुश दाबून बसवला की आतून आवळतो, त्यामुळे बसवल्यानंतर रीमर मारून शाफ्टच्या मापाला आणायचा असतो. आधीच नेमक्या मापाचा केला तर शाफ्ट जाम होतो, मग कुणीतरी पॉलिश पेपर घासत बसतो आणि बुश लंबगोल होतो. उद्यमनगरात हे काम मन लावून करणारी माणसं आहेत. त्यांना शाफ्ट सोबत नेऊन द्या, नुसतं माप सांगू नका.

बेअरिंग ठोकून बसवू देऊ नका. केसिंग शंभरेक अंशांपर्यंत सारखं तापवलं की बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनानं बसतं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन ओळखीच्या दुकानातून चांगल्या कंपनीचंच घ्या. बुलेटचे सुटे भाग अजून नवे मिळतात, ही चांगली गोष्ट. त्यात डुप्लिकेट मालाची भर किती, हे पिनियन हातात घेतल्यावर कळतं. जुना ओरिजिनल पिनियन शाबूत असेल तर चकचकीत नव्यापेक्षा तोच बरा, हे माझं ठाम मत.

बांधताना आधी कोरडं बांधून पाहा. आतल्या झाकणाचे नट आवळत जाल तसा शाफ्ट हातानं फिरवत राहा. जड झाला की थांबा. वॉशर चुकलाय किंवा राहिलाय. जोर करून आवळलेला बॉक्स रस्त्यावर गेल्यावर जाम होतो.

वंगणावरून आपल्याकडे भांडणं होतात. जुन्या ब्रिटिश पुस्तिकांत अशा बॉक्सला मऊ, वाहतं ग्रीस सांगितलेलं असे. त्याचा अर्थ चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस ठासून भरा असा होत नाही. दात त्यात वाट पाडून मोकळे फिरतात आणि बुश कोरडे राहतात. बुश आणि पॅकिंग नीट असतील तर गिअर ऑईल घालावं आणि थोडं ठिबकलं तर खाली पुठ्ठा ठेवावा.

गॅरेजला गाडी देणार असाल तर काढलेले सगळे जुने भाग परत मागा, आणि हे गाडी देतानाच सांगा. मी मागितले तेव्हा 'भंगारात गेले' असं उत्तर मिळालं. काम झाल्यावर काहीशे किलोमीटर चालवा आणि ऑईल एका पांढऱ्या डब्यात सोडा. त्यात चुंबक फिरवल्यावर पिठासारखी काळी भुकटी चिकटली तर घाबरू नका, नवे दात बसताहेत. टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर गाडी चालवणं तिथंच थांबवा. आणि चुंबकाला न लागणारी सोनेरी चकाकी ऑईलमध्ये दिसली, तर बुश खाल्ला जातोय. डबा घेऊन सरळ लेथवाल्याकडे जा.